रात्रीची क्वार्टर, सकाळचं रक्त

आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर बारीक अक्षरांत ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. १८० मिलिलिटरच्या बाटलीत, म्हणजे क्वार्टरमध्ये, निव्वळ अल्कोहोल ७७ मिलिलिटर बसतं. ते पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे वजनात साधारण ६१ ग्रॅम भरतं. समजा, जालन्याच्या एखाद्या रोलिंग मिलमधून सळया वाहून नेणारा साठ किलो वजनाचा ट्रकचालक रात्री दहाच्या सुमारास ही क्वार्टर संपवून झोपला. स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बसवलेलं गणित लावलं तर त्याच्या १०० मिलिलिटर रक्तात जवळपास १५० मिलिग्रॅम अल्कोहोल निघेल. यकृत तासाला त्यातलं १५ मिलिग्रॅमच्या आसपास उरकतं. झोप, लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. पहाटे सहाला तो गाडीत बसेल तेव्हा रक्तात ३० मिलिग्रॅम उरलेलं असेल आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधली मर्यादा नेमकी तेवढीच आहे. गणित ढोबळ आहे. माणसागणिक दोन-तीन तासांचा फरक सहज पडतो. म्हणजे ‘रात्री घेतली होती, आता काय त्याचं’ असं म्हणत समृद्धी महामार्गाला लागलेला हा चालक कायद्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे त्याचं त्यालाही सांगता येणार नाही.

दुपारी बारानंतर मात्र त्याच्या रक्तात अल्कोहोलचा मागमूस नसेल. तो गेली दहा वर्षं रोज एक क्वार्टर घेत असला तरी नसेल.

‘हा आत्ता प्यालेला आहे का?’ आणि ‘हा रोज पितो का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला पोलिसाचा आणि न्यायालयाचा, दुसरा डॉक्टरचा आणि घरच्यांचा. दोन्ही प्रश्न एकाच कोपरापाशी सुई टोचून विचारले जातात, त्यामुळे लोकांच्या मनात त्यांची सरमिसळ झालेली असते. महाराष्ट्रात पहिला प्रश्न आधी गाजला, तोही थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत.

मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. जालना तेव्हा हैदराबाद राज्यात होतं, त्यामुळे तो इथे लागू नव्हता. मे १९५१ मध्ये मुंबईत कुलाब्याच्या बाजूला एका जीपने तिघांना धडक दिली. जीप चालवत होते खुद्द मुंबईचे प्रभारी प्रादेशिक परिवहन अधिकारी. डॉक्टरांनी तपासलं तर तोंडाला दारूचा वास होता आणि डोळे लाल होते, पण बोलणं सुसंगत होतं आणि सरळ रेषेत चालणंही ठीक होतं. साहेबांचं म्हणणं असं, की आपण बी. जी. फॉस नावाचं टॉनिक घेतलं होतं. या टॉनिकात अल्कोहोल असे आणि औषध म्हणून ते घ्यायला मुभा होती. बेहराम खुर्शीद पेसिकाका विरुद्ध मुंबई राज्य या नावाने हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५४ मध्ये ते सुटले. नुसत्या वासावरून ती बंदी असलेलीच दारू होती, हे सरकारला सिद्ध करता आलं नव्हतं.

१९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९५९ च्या एका दुरुस्ती कायद्याने दारूबंदी कायद्याचा विस्तार झाला आणि त्याच कायद्याने रक्ततपासणीची कलमंही आणली. रक्तात अल्कोहोलचं प्रमाण ०.०५ टक्के किंवा त्याहून जास्त निघालं, तर आपण टॉनिकच घेतलं होतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर आली. लाल डोळे आणि झोकांड्या यांच्या जागी एक आकडा आला. पाठोपाठ त्याच वर्षी नियमही आले आणि ते वाचण्यासारखे आहेत: शिरेतून पाच मिलिलिटर रक्त घ्यावं, सिरिंज उकळत्या पाण्यात निर्जंतुक करावी, कातडी निर्जंतुक पाण्याने पुसावी, कुठल्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श होऊ देऊ नये, कुपी लाखेने बंद करून सात दिवसांच्या आत तपासनिसाकडे पोहोचवावी. स्पिरिटचा बोळा ही दवाखान्यातली इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट आहे, की नियम करून ती थांबवावी लागली. कुपीत सोडियम फ्लोराइड घालतात त्यालाही कारण आहे. रक्तात साखर असते, आणि रक्तात शिरलेले जिवाणू किंवा यीस्ट त्या साखरेपासून कुपीतच अल्कोहोल तयार करू शकतात. फ्लोराइड त्यांना रोखतं. मे महिन्यात चाळिशी पार केलेल्या मराठवाड्यात कुपी एखाद्या कपाटात पडून राहिली तर काय होईल, हा प्रश्न म्हणूनच फालतू नाही.

१९६१ मध्ये धुळ्यात एका अपघातग्रस्त गाडीच्या चालकाच्या रक्तात ०.०६९ टक्के अल्कोहोल निघालं. उखा कोल्हे खटला म्हणून वकील मंडळी तो आजही उद्धृत करतात. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आकड्याइतकाच दुसऱ्या एका गोष्टीत रस घेतला: रक्त काढल्यापासून तपासनिसाच्या टेबलावर पोहोचेपर्यंत ती कुपी कुठे होती, कोणाच्या ताब्यात होती? साठ वर्षांनी, १९ मे २०२४ च्या पहाटे, पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये एका पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंते मेले. चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाचा नमुना कचऱ्यात टाकून त्याच्या जागी दुसऱ्याचं रक्त पाठवलं गेलं, असा पोलिसांचा आरोप आहे. दुसऱ्या रुग्णालयात घेतलेल्या नमुन्याशी डीएनए जुळला नाही तेव्हा तो प्रकार उघडकीला आला. त्या गदारोळात एक साधी गोष्ट झाकोळली. अपघात पहाटे अडीचच्या सुमाराचा आणि रक्त घेतलं गेलं सकाळी अकराच्या सुमाराला. वर तासाला १५ मिलिग्रॅमचा हिशेब मांडला आहेच. कुपी प्रामाणिक राहिली असती तरी मधल्या आठ-साडेआठ तासांत सव्वाशे मिलिग्रॅमची भर ओसरून गेली असती. मोटार वाहन कायदा अटक झालेल्याची वैद्यकीय तपासणी दोन तासांच्या आत व्हावी म्हणतो, ते यासाठीच.

आता दुसरा प्रश्न, डॉक्टरचा.

अंबड किंवा मंठ्याकडून मोटरसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलेला चाळिशीतला माणूस रुग्णालयात दाखल होतो. सिस्टर विचारते, “दारू घेता का काका?” उत्तर येतं, “कव्हातरी घेतो, लई नाही.” बायको पदर सावरत दुसरीकडे बघते. ऑपरेशन परवावर ढकललं जातं. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागतात आणि घाम फुटतो. एखाद्याला फिट येते. तिसऱ्या रात्री तो भिंतीवर किडे चालताहेत म्हणून ओरडतो आणि सलाईन उपटून टाकतो. नातेवाइकांना वाटतं, भुलीचं इंजेक्शन चढलं किंवा बाहेरची बाधा झाली. खरं तर रोजची दारू अचानक तुटली की मेंदूत हेच होतं आणि उपचार नीट झाले नाहीत तर यात माणूस दगावतो. दाखल होताना ‘रोज एक क्वार्टर, सात-आठ वर्षं’ एवढं कळलं असतं, तर पहिल्याच दिवशी गोळ्या आणि थायमिनचं इंजेक्शन सुरू झालं असतं. रोजच्या पिण्याचा माग रक्तात शोधायचा तो मुख्यतः यासाठी. माणसाला दारुड्या ठरवणं हा हेतू फार खालचा आहे, आणि बहुतेक तपासण्या त्या कामाला पुऱ्याही पडत नाहीत.

जिल्ह्याच्या ठिकाणी कुठल्याही लॅबमध्ये सहज होतात त्या तीन तपासण्या जुन्या आहेत. पहिली जोडी एसजीओटी आणि एसजीपीटी. ही यकृताच्या पेशींमधली एन्झाइमं. पेशी दुखावल्या की रक्तात झिरपतात. बहुतेक यकृतविकारांत एसजीपीटी जास्त वाढतं. दारूमुळे उलटं होतं: एसजीओटी दुपटीहून पुढे जातं. कारण एसजीपीटी तयार व्हायला बी-६ जीवनसत्त्व लागतं आणि पिणाऱ्याच्या शरीरात तेच कमी पडलेलं असतं. शिवाय अल्कोहोल पेशींच्या मायटोकाँड्रियाला इजा करतं आणि तिथला एसजीओटीचा साठा बाहेर पडतो. गुणोत्तर दोनच्या वर आणि आकडे शंभर-दोनशेच्या घरात, तर दारूचा संशय घ्यावा. आकडे हजारात असतील तर नुसत्या दारूवर खापर फोडून मोकळं होऊ नये, काविळीचा विषाणू किंवा विषबाधा शोधावी. पण एसजीओटी स्नायूंतही असतं आणि तांबड्या पेशींतही. दिवसभर लोखंड उचलणाऱ्या हमालाचं, किंवा खाली पडून मार लागलेल्या माणसाचं एसजीओटी यकृत ठणठणीत असतानाही वाढतं. नमुना धसमुसळेपणाने काढला आणि पेशी फुटल्या तरी वाढतं.

दुसरं जीजीटी. रोज पिणाऱ्यांत ते वाढतं आणि सोडल्यावर काही आठवड्यांत उतरतं, म्हणून जगभर याच तपासणीवर सर्वांत जास्त भिस्त राहिली. पण लठ्ठपणात, मधुमेहात, फॅटी लिव्हरमध्ये आणि पित्तनलिकेच्या अडथळ्यातही ते वाढतं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ज्यावर वर्षानुवर्षं लिहीत आहेत ती आपली अंगकाठी, म्हणजे हातापायाने काटकुळे आणि पोटात चरबी, इथे अडचणीची ठरते: थेंबही न घेणाऱ्या कितीतरी लोकांचं जीजीटी चढलेलं सापडतं. फिट्सवरच्या फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटोन या गोळ्यांनीही ते वाढतं. यात एक विचित्र फेरा आहे. दारू तुटल्यामुळे फिट आली, कोणीतरी ती मिरगी समजून फेनिटॉइन सुरू केलं, पुढे त्या गोळीने जीजीटी वाढलं. आता हा माणूस पितो की नाही हे जीजीटीला विचारण्यात अर्थ उरला नाही. आणि उलट बाजूला, तिशीच्या आतला तरुण भरपूर पीत असूनही त्याचं जीजीटी बऱ्याचदा साळसूद असतं.

तिसरं एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. साध्या हिमोग्रामच्या कागदावर ते छापलेलंच असतं, फक्त कोणी बघत नाही. दारू मज्जेवर परिणाम करते आणि पेशी मोठ्या होतात. एमसीव्ही शंभरच्या वर गेलं की पाश्चात्त्य डॉक्टर पहिल्यांदा पिण्याबद्दल विचारतो. आपल्याकडे हे चालत नाही. पेशी मोठ्या व्हायचं दुसरं ठळक कारण बी-१२ ची कमतरता. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पुणे परिसरातल्या खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यात ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी होतं. म्हणजे माळकरी वारकऱ्याचं एमसीव्ही दारू पिणाऱ्यासारखं दिसू शकतं. आणि पेशी लहान करणारी लोहाची कमतरताही इथे कमी नाही, त्यामुळे खऱ्या पिणाऱ्याचं एमसीव्ही दोन्हीकडच्या ओढाताणीत अगदी नॉर्मल येऊ शकतं.

तेव्हा या तिन्ही तपासण्या म्हणजे गावच्या चावडीवरचे साक्षीदार आहेत: आरोपीला ओळखतात, पण इतर चौघांनाही त्याच्याच नावाने हाक मारतात. तिघांनी एकच सांगितलं तर दखल घ्यावी. एकट्याच्या शब्दावर कोणाची नोकरी किंवा लग्न मोडू नये.

यातून पुढचा रस्ता पुन्हा स्वीडनमध्ये सापडला. दारूवर सरकारी मक्तेदारी ठेवणाऱ्या आणि १९५५ पर्यंत ती रेशनवर देणाऱ्या या देशाला पिणाऱ्याचा हिशेब ठेवायची हौस जुनीच. १९७० च्या दशकात हेलेना स्टिबलर यांच्या लक्षात आलं, की भरपूर पिणाऱ्यांच्या रक्तातलं ट्रान्सफेरिन वेगळं असतं. ट्रान्सफेरिन हे लोह वाहून नेणारं प्रथिन. त्याला साखरेच्या साखळ्या जोडलेल्या असतात आणि त्यांच्या टोकांना सायलिक आम्लाचे, सहसा चार, रेणू असतात. रोज बरीच दारू पोटात गेली की यकृताकडून ही टोकं अर्धवट राहतात. दोनच रेणू असलेलं किंवा एकही नसलेलं ट्रान्सफेरिन वाढतं. याला सीडीटी म्हणतात. ते चढायला रोज ५० ते ८० ग्रॅम अल्कोहोल एक-दोन आठवडे लागतं. आपल्या हिशेबात बसवायचं तर रोज एक क्वार्टर. लग्नात किंवा पोळ्याच्या संध्याकाळी एकदा घेतल्याने सीडीटी हलत नाही. फॅटी लिव्हरने, बी-१२ ने सहसा फसत नाही. मात्र बरेच पिणारे त्याच्या जाळ्यातून निसटतात, आणि यकृत पार आकसलेल्या रुग्णात किंवा ट्रान्सफेरिनच्या जन्मजात वेगळ्या प्रकारात ते चुकीचं बोट दाखवतं.

आज सर्वांत विश्वासाची तपासणी आहे फॉस्फॅटिडिलइथेनॉल. डॉक्टर तिला ‘पेथ’ म्हणतात. हिचा शोधही स्वीडनमधल्याच लुंड शहरातला, १९८० च्या दशकातला. पेशीच्या आवरणातल्या मेदावर एक एन्झाइम काम करत असतं आणि एरवी ते पाण्याचा रेणू वापरतं. रक्तात अल्कोहोल असेल तर पाण्याच्या जागी तेच पकडलं जातं आणि पेथ तयार होतं. अल्कोहोलशिवाय पेथ बनायला दुसरा मार्गच नाही. मधुमेह, पोटाची चरबी, मिरगीची गोळी यांचा इथे काही संबंध येत नाही. तांबड्या पेशींना ते मोडता येत नाही, त्यामुळे शेवटच्या घोटानंतर दोन ते चार आठवडे ते सापडत राहतं. मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर पीत नाही किंवा अगदी क्वचित पितो, २०० च्या वर असेल तर भरपूर पितो, अशा रेषा सध्या मानल्या जातात. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग.

पेसिकाका खटल्यातलं टॉनिक इथे पुन्हा आठवतं, कारण घरोघरी द्राक्षासव-अशोकारिष्ट असतंच आणि ‘मी फक्त तेवढंच घेतो’ हे उत्तरही ठरलेलं असतं. आसव-अरिष्टात अल्कोहोल आपसूक तयार होतं, आठ-दहा टक्क्यांच्या आसपास. ३० मिलिलिटरचा डोस धरला तरी त्यात दोन-अडीच ग्रॅम. एका क्वार्टरची बरोबरी करायला असे पंचवीस डोस एका बैठकीत रिचवावे लागतील. २०० च्या वरचं पेथ द्राक्षासवाने आलं, असं म्हणणाऱ्याचं मान हलवून ऐकून घ्यावं आणि तपास चालू ठेवावा.

अडचण यंत्राची आहे. पेथ मोजायला लागणारं मास स्पेक्ट्रोमीटर जिल्ह्याच्या लॅबमध्ये नसतं; नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो आणि खर्चही हिमोग्रामच्या कित्येक पट. बोटाच्या टोकाचा थेंब कागदी कार्डावर वाळवून टपालाने पाठवायची पद्धत मात्र निघाली आहे आणि भोकरदन-जाफराबादसारख्या तालुक्यांना उद्या तीच उपयोगी पडेल असं मला वाटतं.

तोवर काय? तोवर कागद आणि पेन. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची यादी आहे. किती वेळा पिता, एका बैठकीत किती, सकाळी उठल्या उठल्या लागते का, कोणाला इजा झाली का. चाळीसपैकी आठ किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे काळजीचं कारण. अतिरेकी पिणारे हुडकण्यात ही यादी जीजीटीपेक्षा सरस ठरते हे वारंवार दिसलं आहे. फक्त विचारायची पद्धत हवी. ‘किती पेग घेता?’ या प्रश्नाला इथे अर्थ नाही, कारण पेग मोजून कोणी पीत नाही. ‘नव्वदी की क्वार्टर? एकट्याने की दोघांत? क्वार्टर किती दिवस पुरते?’ असं विचारलं की हिशेब ग्रॅमपर्यंत आणता येतो. आणि नातेवाइकांना बाहेर बसवून विचारावं. हातभट्टीची असेल तर मात्र ग्रॅमचा हिशेब सोडून द्यावा, तिच्यावर लेबलच नसतं.

रक्ताच्या आकड्याचा सर्वांत चांगला उपयोग मला माहीत आहे तो स्वीडनमधल्याच मालमो शहरातला, १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातला. जीजीटी वाढलेल्या मध्यमवयीन पुरुषांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला पत्राने कळवलं, तुमच्या यकृतावर ताण आहे, पिणं कमी करा. दुसऱ्या गटातले लोक नियमित डॉक्टरला भेटत, आणि महिन्याच्या महिन्याला नर्सकडे येऊन जीजीटी मोजून घेत. आकडा उतरला की चढला, त्यावर गप्पा होत. पुढच्या वर्षांत या गटाच्या आजारपणाच्या रजा कमी झाल्या, रुग्णालयातले दिवस कमी झाले, मृत्यूही कमी झाले. तेच जीजीटी, जे निदान म्हणून इतकं लंगडं आहे, ते त्याच माणसाच्या मागच्या महिन्याच्या आकड्याशी ताडून पाहिलं की कामाचं ठरलं. आणि याला मास स्पेक्ट्रोमीटर लागत नाही, ग्रामीण रुग्णालयातली एक जाणती सिस्टर पुरते.

सोडणाऱ्याने कुठला आकडा कधी उतरेल हे आधीच माहीत करून घ्यावं, नाहीतर उगाच हिरमोड होतो. सीडीटी दोन आठवड्यांत साधारण निम्म्यावर येतं. पेथ बहुतेकांत महिनाभरात नाहीसं होतं. फार पिणाऱ्यात थोडं जास्त रेंगाळतं. जीजीटीला महिना-दीड महिना लागतो, फॅटी लिव्हर असेल तर ते पूर्ण खाली येणारही नाही. एमसीव्ही सर्वांत सावकाश, तीन-चार महिने, कारण तांबडी पेशी १२० दिवस जगते आणि जुन्या मोठ्या पेशी मरून गेल्याशिवाय सरासरी हलत नाही. ज्याला पूर्वी दारू तुटल्यावर फिट किंवा भास झाले आहेत, त्याने मात्र आकड्यांच्या नादी लागून घरच्या घरी एका रात्रीत बंद करू नये. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखल होऊन सोडावी. १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.